लेकरू विचारते, "बाबा कधी येणार?"



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरीवरचे गवत काढतो, फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. मोठी माणसे डोळे पुसतात. त्यांच्या मागे सहा वर्षांचे एखादे मूल मेणबत्तीच्या मेणाच्या गोळ्या करीत बसलेले असते. "लहान आहे, त्याला काय कळते?" असे म्हणून आपण घरी परततो.

या पानावर आपण बियाणे, खते, गुरांचे रोग आणि घरातली दुखणी यांविषयी वाचत असतो. आजचा विषयही एका दुखण्याचाच आहे. त्यात ताप येत नाही, अंगावर पुरळ उठत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आई किंवा बाप वारल्यावर लहान मुलाच्या मनात काय चालते आणि आपण मोठ्यांनी त्याच्याशी कसे वागावे, याचा विचार आपण करणार आहोत.

"गावाला गेले" हे उत्तर

बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत राहणारी आपली अनेक मराठी कुटुंबे धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली आहेत. एक पाय मिलमध्ये आणि दुसरा गावाकडच्या शेतात, असा आपला संसार. घरात कोणी वारले की पुष्कळदा मयत गावी नेतात. गडबड फार असते, रात्रीचा प्रवास असतो, म्हणून लहान मुलांना शेजारी ठेवले जाते. चार दिवसांनी मोठी माणसे परत येतात, पण बाप येत नाही. मूल विचारते, "बाबा कुठे आहेत?" कोणीतरी कनवाळूपणे सांगून टाकते, "गावाला गेले."

आता त्या मुलाच्या जागी बसून विचार करा. आपल्या वस्तीत सगळेच गावाला जातात. पेरणीला जातात, कापणीला जातात, लग्नाला जातात, आणि पंधरा दिवसांनी उधना स्टेशनवर उतरून घरी येतात. गावाला गेलेला माणूस परत येतो, हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले आहे. मग ते वाट पाहते. महिना जातो, पाऊस येतो, नाताळ येतो. बाबा येत नाहीत. तेव्हा मूल दोनपैकी एक गोष्ट मनाशी धरते: बाबा माझ्यावर रागावले आहेत, किंवा घरची माणसे माझ्याशी खोटे बोलत आहेत. दोन्ही गोष्टी मरणापेक्षा कमी दुःखाच्या नाहीत.

कोणत्या वयात काय कळते?

मारिया नाज या हंगेरीतील विदुषीने बुडापेस्ट परिसरातील ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांशी मृत्यूविषयी बोलून, त्यांची चित्रे व लेखन पाहून आपले निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्याचे सार असे की मरण समजण्यासाठी मुलाला चार गोष्टी कळाव्या लागतात. मेलेला परत येत नाही. मेलेल्या शरीराला भूक, थंडी, वेदना काही राहत नाही. मरण सर्वांना आहे. आणि मरण शरीरातल्या काही कारणाने येते, कोणाच्या रागाने किंवा बोलण्याने येत नाही.

तीन वर्षांखालील मुलाला यांतले काहीच कळत नाही, परंतु कुशीत घेणारे माणूस नाही हे त्याला पक्के कळते. ते रडते, दूध टाकते, रात्री दचकते. तीन ते पाच वर्षांचे मूल मरणाला लांबच्या प्रवासासारखे समजते. ते आज "बाबा मेले" असे सांगते आणि उद्या "रविवारी येतील ना?" असे विचारते. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना मरण कायमचे आहे हे उमजू लागते, आणि नऊ-दहा वर्षांपर्यंत चारही गोष्टी ध्यानात येतात. शेतकऱ्याच्या घरातली मुले वासरू मेलेले पाहतात, कोंबडी कापलेली पाहतात, त्यामुळे हे त्यांना कधी लवकरही कळते. परंतु वासराचे मरण कळले म्हणजे आईचे मरण कळले, असे होत नाही.

मुलाचे दुःख मोठ्यांच्या दुःखासारखे सलग नसते. श्रावणातल्या उन्हापावसासारखे ते असते. आता हुंदके देत होते ते मूल घटकाभराने गोट्या खेळताना दिसते, आणि शेजारीण म्हणते, "बघा, विसरले सुद्धा." ते विसरलेले नसते. एवढे मोठे ओझे त्याला एकदम पेलत नाही, म्हणून ते थोडे थोडे उचलते आणि खाली ठेवते. पुढे दहाव्या, पंधराव्या वर्षी, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी किंवा स्वतःच्या लग्नातही ते दुःख नव्याने वर येते, कारण वाढत्या वयाबरोबर काय गमावले ते अधिक समजत जाते.

एका संत मुलीची आठवण

बाळ येशूची संत तेरेजा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिची आई झेली २८ ऑगस्ट १८७७ रोजी फ्रान्समधील आलेन्सों या गावी स्तनाच्या कर्करोगाने वारली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. पुढे १८९५ साली तिने बालपणीच्या आठवणी लिहिल्या, त्यांत हे दिवस आहेत. आपण फार रडलो नाही, मनातले कोणाला सांगितले नाही, पण सगळे पाहत आणि ऐकत होतो, असे ती सांगते. घराच्या बोळात शवपेटी उभी करून ठेवलेली होती. कोणी काही समजावले नव्हते, तरी ती तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. पेटीची पूर्ण उंची पाहण्यासाठी तिला मान वर करावी लागली, हेही तिच्या ध्यानात राहिले. घरच्यांना वाटत होते की लहानगीला काही कळत नाही.

दफनानंतर पाचही बहिणी एकत्र असताना मोलकरीण म्हणाली की आता तुम्हाला आई राहिली नाही. तेव्हा सेलीन मोठ्या मारीच्या गळ्यात पडली आणि तिला आई केले. तेरेजा धावत दुसऱ्या बहिणीकडे, पोलीनकडे गेली. मुलाला आधारासाठी एक निश्चित माणूस हवे असते, ते तिने आपणच शोधून घेतले. परंतु १८८२ साली पोलीन मठात जाणार हे तिला कोणी नीट बसवून सांगितले नाही. दुसऱ्यांच्या बोलण्यातून तिच्या कानावर आले. पुढच्या वसंतात दहा वर्षांची तेरेजा आठवडेच्या आठवडे गंभीर आजारी पडली. आईच्या मृत्यूनंतर खेळकर तेरेजा बुजरी आणि रडवी झाली होती, आणि १८८६ च्या नाताळापर्यंत ते तसेच राहिले, असे ती स्वतः लिहिते. घरात प्रेमाची कमतरता नव्हती. तिचे आईवडील २०१५ साली संत म्हणून घोषित झाले, असे ते घर. तरी एवढा काळ लागला. आपल्या घरातले मूल सहा महिन्यांत "ठीक" झाले नाही, तर त्याला किंवा स्वतःला दोष देऊ नका.

साताऱ्याचे घर

दुसरे उदाहरण आपल्याच मातीतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मातोश्री भीमाबाई १८९६ च्या सुमारास साताऱ्यास वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. त्यांच्या आत्या मीराबाई यांनी घर सांभाळले आणि मुलाला मायेने वाढवले. पुढे वडील रामजी सुभेदार यांनी दुसरे लग्न केले. नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून ते मुलाला सहन झाले नाही, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदले आहे. मुंबईस पळून जावे, गिरणीत पोऱ्या म्हणून काम धरावे, असे भीमरावांनी मनात घेतले. भाड्यासाठी आत्याची पैशांची पिशवी चोरण्याचा बेत केला. काही रात्री प्रयत्न करून ती हाती आली, तर तीत निघाला अर्धा आणा! तेव्हा त्यांनी तो नाद सोडला आणि मन लावून अभ्यास करण्याचे ठरवले.

या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला असा की मोठ्यांना जे सोन्याचे नग वाटतात, ते मुलाला आई वाटतात. आईची साडी, बापाची टोपी, विळा, रोजरी, मोबाइलमधला आवाज, यांतली एखादी वस्तू त्या मुलाची म्हणून राखून ठेवा. वाटण्या करण्याआधी त्याला विचारा. दुसरा धडा असा की आईविना मूल पळून जाते, चोरी करते, उलट बोलते, तेव्हा ते वाया गेले असे समजू नये. आत्यासारखे एक खंबीर माणूस जवळ असेल, तर असे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते.

अमेरिकेत बोस्टन परिसरातील आई किंवा बाप वारलेल्या १२५ शाळकरी मुलांचा दोन वर्षे अभ्यास करण्यात आला. विल्यम वर्डेन यांनी तो १९९६ साली पुस्तकरूपाने मांडला. त्यातही हेच दिसले. बहुतेक मुले सावरली. आणि मूल सावरेल की नाही हे सर्वांत अधिक अवलंबून होते मागे राहिलेल्या आईवर किंवा बापावर. म्हणून विधवा आईला जेवू घालणे, तिचे शेत नांगरून देणे, तिला एक रात्र झोप मिळू देणे, ही मुलाचीच सेवा आहे.

काय बोलू नये?

"झोपले" म्हणू नये. ते ऐकून मूल रात्री झोपायला घाबरते, आणि आई दुपारी पडली तरी तिला हलवून उठवते. याबाबत शुभवर्तमानात एक जागा पाहण्यासारखी आहे. योहानच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू प्रथम लाजर झोपला आहे असे म्हणतो. शिष्य मोठी माणसे, तरी ते शब्द जसेच्या तसे घेतात आणि झोपला असेल तर बरा होईल असे समजतात. तेव्हा प्रभू त्यांना उघडपणे सांगतो की लाजर मेला आहे. मोठ्यांना जे उघड सांगावे लागले, ते लहानांना नको का? आणि त्याच अध्यायात प्रभू कबरीकडे निघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येते. म्हणून मुलासमोर रडू नये, रडणे म्हणजे श्रद्धा कमी, असे समजण्याचे कारण नाही.

"देवाला आवडला म्हणून देवाने नेले" हेही बोलू नये. धर्मगुरू म्हणून मी हे विशेष आग्रहाने सांगतो. ते ऐकून मुलाला देवाचा धाक बसतो. आज बाबांना नेले, उद्या आईला नेईल, मी चांगला वागलो तर मलाही नेईल! बाबा आजाराने मेले, देवाने त्यांना एकटे सोडले नाही, ते देवाजवळ आहेत आणि आपली पुन्हा भेट होईल ही आपली आशा आहे, असे सांगावे. आधी सत्य, मग आशा, हा क्रम मोडू नये.

"रडू नकोस, आता तूच घरचा कर्ता" हे वाक्य दहा वर्षांच्या मोठ्या मुलाला हमखास ऐकवले जाते. शेतकऱ्याच्या घरी त्याचा अर्थ शब्दशः होतो: शाळा सुटते, बैल हाती येतात. मुलाला झेपेल असे काम जरूर द्यावे, कामाने मन स्थिर होते. परंतु बापाची जागा काकाने, मामाने, गावाने घ्यावी, मुलाने नव्हे.

काय सांगावे आणि करावे?

बातमी जवळच्या माणसाने सांगावी, मुलाला जवळ बसवून, थोड्या शब्दांत. "बाबा फार आजारी होते. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. आज बाबा मेले. त्यांचे शरीर आता काम करीत नाही. ते परत येणार नाहीत. मी तुझ्याजवळ आहे." मग थांबावे. मूल पहिल्यांदा पोटापाण्याचे विचारते: शाळेत कोण सोडणार? आपण इथेच राहणार का? तू पण मरशील का? याला ते आपमतलबी आहे असे मानू नये. उत्तर द्यावे: "माझी प्रकृती चांगली आहे, मी पुष्कळ दिवस जगेन असे वाटते. आणि काही झाले तरी मामा आणि मावशी तुला सांभाळतील." तोच प्रश्न शंभर वेळा आला, तर तेच उत्तर शंभर वेळा द्यावे.

मुलाला न विचारता एक गोष्ट अवश्य सांगावी: "हे तुझ्यामुळे झाले नाही." लहान मुलाला वाटते की आपल्या मनातल्या रागात ताकद असते. खाऊ आणला नाही म्हणून ते बापावर चिडले असेल, आणि दुसऱ्या दिवशी बाप गेला असेल, तर ते गुपचूप स्वतःला गुन्हेगार समजते.

दफनविधीला मुलाला न्यावे का? त्याला आधी तिथे काय दिसेल ते सांगावे: पेटी, रडणारी माणसे, खड्डा, माती. मग विचारावे. येतो म्हणाले तर न्यावे, नको म्हणाले तर बळजबरी करू नये. त्याच्याजवळ असे एक माणूस ठेवावे जे मध्येच त्याला घेऊन बाहेर पडू शकेल. एक मूठ माती, एक फूल त्याच्या हातून पडू द्यावे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत सुरतेच्या स्मशानातील गॅसभट्ट्यांच्या लोखंडी जाळ्यादेखील वितळल्या. त्या दिवसांत इस्पितळात गेलेला बाप मुलाला पुन्हा दिसलाच नाही, असे कित्येक घरांत झाले. ज्यांनी शेवटचे पाहिले नाही त्या मुलांना फोटो दाखवून, कबरीवर किंवा अस्थी विसर्जन केलेल्या जागी नेऊन, सगळी हकीकत आजही सांगावी. उशीर झाला असे होत नाही.

विष घेऊन मृत्यू झाला असेल तर

२०२२ या एकाच वर्षात देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० शेतकरी व शेतमजुरांनी आत्महत्या केल्याची नोंद सरकारी अहवालात आहे. अशा प्रत्येक घरात मुले असू शकतात, आणि बहुधा त्यांना "हार्ट अटॅक" सांगितले जाते. खरी गोष्ट शाळेतली पोरे सांगतात. त्यापेक्षा घरच्या माणसाने सांगावी: "बाबांचे मन फार आजारी झाले होते. त्यांनी विष घेतले, त्याने त्यांचे शरीर बंद पडले. कोणीही त्यांना मदत मागायला शिकवले असते तर बरे झाले असते. यात तुझा दोष नाही, आईचाही नाही."

अशा माणसाला ख्रिस्तसभेत जागा नाही, ही समजूत जुन्या काळची आहे. १९१७ च्या धर्मकायद्यात दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या कायद्यात ती राहिली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असे शिकवले आहे. तेव्हा त्यांच्या मुलांसमोर पापाची भाषा कोणी बोलू नये. आणि अशा घरात कीटकनाशकाची बाटली कुलपाबाहेर एक दिवसही राहू नये.

दुखणे कधी वाढले समजावे?

पोट दुखणे, डोके दुखणे, अंथरुणात लघवी होणे, पुन्हा बोबडे बोलणे, आईला चिकटून राहणे, हे पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ मुलांना होते. रागावू नये. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ मोडू देऊ नये. घडी बसलेला दिवस हे मुलाचे मोठे औषध आहे. गुरुजींना शाळेत जाऊन सांगावे. परंतु मूल महिनोन्‌महिने खेळत नसेल, वजन उतरत असेल, शाळा पार सुटली असेल किंवा "मला पण मरायचे आहे" असे म्हणत असेल, तर भगताकडे न नेता डॉक्टरकडे न्यावे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ क्रमांकावर मिळते, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पैशाचेही पाहावे लागते. गुजरातेत पालक माता-पिता योजना आहे. आईबाप दोन्ही वारलेल्या, किंवा बाप वारून आईने पुनर्विवाह केलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकास तीत महिना ३,००० रुपये ठरवलेले आहेत. महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलालाही साहाय्य मिळू शकते. मृत्यूचा दाखला, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जपून ठेवावा आणि जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयात चौकशी करावी. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी चर्चच्या कार्यालयात यावे, आपण मिळून लिहू.

बंधुभगिनींनो, या महिन्यात कबरीवर जाताना लेकरालाही बोट धरून न्या. तिथे त्याला बापाची एखादी गोष्ट सांगा: तो बैलांना काय नावाने हाक मारी, पाऊस आला की काय म्हणे, कशाने हसे. आणि त्याने पुन्हा "बाबा कधी येणार?" असे विचारले, तर मान फिरवू नका. खाली बसा, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवा, आणि खरे उत्तर द्या.

प्रभू अशा सर्व मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या हातांना बळ देवो.